उघडी दारे, बंद बागा : नीसच्या किनाऱ्यावरील विवाहस्थळांचा इतिहास

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या रांगा जेथे थेट भूमध्य समुद्रात उतरतात तेथे, इटलीच्या सरहद्दीपासून सुमारे ३० किलोमीटरवर नीस हे शहर वसलेले असून त्याच्या पश्चिमेला आंतीब व कान आणि पूर्वेला व्हिलफ्रान्श, बोलियू व मोनॅको अशी नगरे किनाऱ्याने लागून आहेत. जगभरातील धनिक कुटुंबे विवाहसोहळ्यासाठी ज्या मोजक्या किनाऱ्यांचा विचार करतात त्यांत या पट्ट्याचे नाव अग्रक्रमाने येते, आणि अलीकडच्या काळात त्या कुटुंबांत मुंबईची कुटुंबेही आहेत. सोहळ्यासाठी भाड्याने मिळणारे येथील वाडे, हॉटेले आणि बागा पाहिल्या की त्या अशा समारंभांसाठीच उभारल्या असाव्यात असा समज सहज होतो; प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक नामांकित वास्तू क्षयरोग्यांच्या, निवृत्त उमरावांच्या आणि हिवाळा टाळू पाहणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीसाठी बांधल्या गेल्या, आणि लग्नसराईचा व्यवसाय त्यांत फार नंतर शिरला. गेल्या अडीचशे वर्षांत या किनाऱ्यावर एक ओढाताण सतत चालत आलेली दिसते. पैसेवाल्या पाहुण्यांना येथे कुंपणाआडचा एकांत हवा होता, तर शहराने आणि पुढे फ्रेंच राज्यसंस्थेने समुद्रकाठचा रस्ता, वाळवंट आणि विवाहाचा विधी या गोष्टी सर्वांसाठी खुल्या राहिल्या पाहिजेत असा आग्रह धरला. आज विवाहस्थळ निवडताना जे प्रश्न पुढे येतात ते याच ओढाताणीतून आलेले आहेत, आणि म्हणून त्यांचा इतिहास जाणून घेणे आवश्यक ठरते.

नीस हे मूळचे मार्सेच्या ग्रीक वसाहतकारांनी वसवलेले ठाणे. १३८८ मध्ये ते सव्हॉय घराण्याच्या अमलाखाली गेले आणि मधले काही काळ सोडल्यास जवळजवळ पावणेपाचशे वर्षे त्याच घराण्याकडे राहिले. त्या काळचे लग्न हा वस्तीचा आणि चर्चचा मामला होता. त्याला वेगळे स्थळ लागत नसे, कारण विधी आपल्या वस्तीच्या चर्चमध्ये होई आणि जेवणावळ घरासमोरच्या गल्लीत किंवा अंगणात पार पडे. सणसमारंभांतील नाचगाण्यावर देखरेख ठेवण्यासाठी शहरात 'वेड्यांचे मठाधीश' या विनोदी नावाचे पदाधिकारी नेमले जात. सोळाव्या शतकात सरदार, व्यापारी, कारागीर आणि कोळी अशा चार वर्गांसाठी नृत्याचे मेळावे वेगवेगळे भरत आणि ते शिस्तीत पार पाडणे हे त्यांचे काम होते. याच प्रदेशात विधुराने किंवा विधवेने पुन्हा लग्न केले की तरुणांची टोळी त्यांच्या दाराशी भांडी बडवत गोंधळ घाली आणि पैसे किंवा दारू मिळेपर्यंत हटत नसे. या प्रथेचा उग्रपणा नाकारण्याचे कारण नाही, परंतु तिच्यामागची धारणा ध्यानात घेण्यासारखी आहे: लग्न ही साऱ्या वस्तीने पाहायची, मान्य करायची आणि प्रसंगी अडवायची गोष्ट होती. दार लावून लग्न करणे त्या समाजाला संशयास्पद वाटे.

बाहेरच्या पाहुण्यांची रीघ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार व डॉक्टर छातीच्या विकाराने जेरीस येऊन १७६३ च्या अखेरीस नीसला आला, दीड वर्षाच्या आसपास राहिला आणि १७६६ मध्ये त्याने फ्रान्स व इटलीतील प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. स्थानिक लोकांबद्दल त्याने फारसे गोड लिहिले नाही, परंतु नीसच्या हवामानाच्या त्याने ठेवलेल्या नोंदींमुळे इंग्लंडमधील रोग्यांना हा किनारा ठाऊक झाला. तो समुद्रात स्नान करी याचे शहरवासीयांना आश्चर्य वाटे, कारण कोळ्यांखेरीज समुद्राकडे तोंड करून जगण्याची कोणाला सवयच नव्हती. जुन्या शहराची श्रीमंत घरे समुद्राकडे पाठ करून गल्ल्यांत उभी होती. त्यानंतर ऑक्टोबरात येणारे आणि एप्रिल-मेपर्यंत राहणारे पाहुणे वाढत गेले. हिवाळ्यापुरते वास्तव्य करणाऱ्या या वर्गाला फ्रेंचमध्ये 'इव्हेर्नां' म्हणत, आणि पुढील दीड शतक शहराची अर्थव्यवस्था त्यांच्याच भोवती फिरली.

या हिवाळी पाहुण्यांनी नीसला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे समुद्रकाठचा रस्ता. १८२० च्या दशकाच्या आरंभी कडाक्याच्या थंडीने संत्र्यांच्या बागा जळाल्या, मजूर बेकार झाले आणि भिकाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी जमवून त्या मजुरांकरवी किनाऱ्यालगत सुमारे दोन मीटर रुंदीची वाट बांधून घेतली. 'इंग्रजांची वाट' असे स्थानिक बोलीत नाव पडलेली ती पाऊलवाट पुढे रुंदावत जाऊन 'प्रोमनाद देझांग्ले' या नावाने प्रसिद्ध झाली. १९३१ मध्ये तिच्या रुंद केलेल्या रूपाचे उद्घाटन ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या हस्ते झाले, जो १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती होता. पाहुण्यांच्या पैशाने आणि दुष्काळी कामाच्या धर्तीवर तयार झालेला हा रस्ता आरंभापासून सार्वजनिक राहिला, आणि त्यामुळे नीसमध्ये समुद्र व वाडे यांच्यामध्ये कायमची एक सार्वजनिक पट्टी पडली. प्रोमनादवरील हॉटेलांच्या अंगणाला थेट पाणी लागत नाही याचे मूळ येथे आहे.

दुसरी देणगी सरकारी शिस्तीची होती. सव्हॉय घराण्यातील सार्डिनियाचा राजा कार्लो आल्बेर्तो याने १८३२ मध्ये 'कोन्सिल्यो दोर्नातो' म्हणजे शहराच्या शोभेवर देखरेख करणारे मंडळ स्थापन केले. नव्या रस्त्यांची आखणी, इमारतींची उंची, दर्शनी भागाची ठेवण आणि रंग यांना या मंडळाची मंजुरी लागे. १८६० पर्यंत चाललेल्या या कारभारामुळे जुन्या शहराबाहेर बागा, चौक आणि एकसारख्या दर्शनी भागांचे नवे नीस उभे राहिले. नववधूवरांच्या छायाचित्रांत मागे दिसणारे गेरू व पिवळ्या रंगांचे चौक अशा प्रकारे एका नियोजनाची निष्पत्ती आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तीही 'हिवाळी विश्रामनगर' म्हणूनच, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

विवाहस्थळाच्या दृष्टीने मात्र निर्णायक वर्ष १८६० हे होय. त्या वर्षीच्या तुरिनच्या तहाने आणि पाठोपाठच्या जनमताने नीस फ्रान्सला मिळाले. याच शहरात जन्मलेल्या गारिबाल्दी या इटालियन देशभक्ताला तो निर्णय अखेरपर्यंत मान्य झाला नाही. राज्य बदलले तसा विवाहाचा कायदाही बदलला. फ्रेंच राज्यक्रांतीने २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने विवाहाची नोंद चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिली होती आणि नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने ती व्यवस्था पक्की केली. नीसने क्रांतिकाळातील फ्रेंच अमलात ती अनुभवलीही होती, परंतु १८१४ मध्ये सार्डिनियाच्या राज्यात परतल्यावर विवाह पुन्हा चर्चच्या अधिकारात गेला. १८६० पासून तो कायमचा 'मेरी'त, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात, आला. तेव्हापासून आजतागायत नियम असा आहे की कायद्याच्या दृष्टीने विवाह नगरपालिकेच्या इमारतीतच होतो, तोही दारे उघडी ठेवून, कोणाही नागरिकाला आत येता येईल अशा रीतीने, साक्षीदारांसमोर, आणि पतिपत्नींची कर्तव्ये सांगणारी दिवाणी संहितेतील कलमे अधिकाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवल्यावर. धार्मिक विधी त्यानंतर करायचा. नगरपालिकेतील विवाहाआधी धार्मिक विवाह लावण्याचा परिपाठ ठेवणाऱ्या धर्मगुरूला फ्रेंच दंडसंहितेनुसार सहा महिने कैद आणि ७,५०० युरो दंड होऊ शकतो. जुन्या वस्तीची 'सर्वांसमोर लग्न' ही धारणा अशा रीतीने कायद्याच्या भाषेत परत आली, आणि तिने आलिशान स्थळाचे महत्त्व एका बाजूने मर्यादित करून टाकले, कारण वाडा कितीही मोठा असला तरी त्यात लग्न लागत नाही, फक्त साजरे होते.

१८६४ मध्ये रेल्वे नीसपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर रेल्वेनेच येथे आला. त्याचा थोरला मुलगा व वारस निकोलस हा आजारी असल्याने नीसमध्ये ठेवलेला होता, आणि डेन्मार्कची राजकन्या डागमार हिच्याशी त्याचा वाङ्निश्चय झाला होता. एप्रिल १८६५ मध्ये त्याची प्रकृती खालावल्याचे कळताच डागमार डेन्मार्कहून नीसला धावली आणि संत्र्यांच्या बागेतील व्हिला बेर्मों या घरात २१ वर्षांच्या निकोलसने तिच्या व आपल्या भावाच्या उपस्थितीत प्राण सोडला; पुढल्या वर्षी तिचे लग्न त्याच भावाशी, म्हणजे भावी झार तिसऱ्या अलेक्झांडरशी, झाले. त्या घराच्या जागी स्मृतिमंदिर उभारले गेले आणि शेजारी १९१२ मध्ये घुमटांचे रशियन कॅथीड्रल पूर्ण झाले, जे आज शहराच्या मुख्य आकर्षणांत गणले जाते. या किनाऱ्याच्या जुन्या वैभवाची मुळे अशा दुःखांत आहेत. येथे येणाऱ्या अनेक तरुण वधूवरांना लग्नाआधी मृत्यूने गाठले, आणि शहराच्या दफनभूमीतील परदेशी नावे त्याची साक्ष देतात.

याच सुमारास शेजारच्या मोनॅकोने दुसरा मार्ग धरला. १८६१ मध्ये मांतों आणि रोकब्रून ही दोन गावे ४० लाख फ्रँकला फ्रान्सच्या पदरात घालून उरलेल्या चिमुकल्या राज्याला उत्पन्नाचे साधन हवे होते, आणि फ्रान्स व इटली दोन्हीकडे जुगारावर बंदी असल्याने फ्रांस्वा ब्लां याने १८६३ मध्ये स्थापलेल्या कंपनीने मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोला भरभराटीस आणले. नीसनेही करमणुकीची साधने वाढवली: १८७३ मध्ये कार्निव्हलचे नव्याने संघटन झाले, १८७६ पासून फुलांनी सजवलेल्या बग्ग्यांतून प्रेक्षकांवर फुले फेकण्याचा 'फुलांचा संग्राम' भरू लागला, आणि त्याच्या आधाराने आसपासच्या टेकड्यांवर कार्नेशन, गुलाब, व्हायोलेट व मिमोझा यांची शेती फोफावली. कूर सालेया चौकातील फुलबाजार हा या व्यापाराचा वारस. १८९५ पासून १८९९ पर्यंत दर वसंतात राणी व्हिक्टोरिया सिमिए टेकडीवर मुक्कामाला येई आणि तिच्या लवाजम्यात मुन्शी अब्दुल करीमसह हिंदी नोकर असत. तिच्या शेवटच्या तीन भेटींचे एक्सेल्सियर रेजिना हे अवाढव्य हॉटेल पुढे सदनिकांत विभागले गेले आणि चित्रकार मातीस तेथे राहिला.

या काळातील वास्तूंपैकी एकीकडे अधिक बारकाईने पाहणे युक्त ठरेल, कारण आजच्या विवाहव्यवसायात तिचे स्थान फार वरचे आहे. सां-झां-काप-फेरा या समुद्रात शिरलेल्या भूशिरावरील व्हिला एफ्रुसी द रॉथशिल्ड ही गुलाबी रंगाची वास्तू बेआत्रीस द रॉथशिल्ड हिने बांधली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८८३ मध्ये, तिचे लग्न मोरीस एफ्रुसी या बँकरशी झाले. ते सुखाचे ठरले नाही आणि १९०४ मध्ये दोघे कायद्याने विभक्त झाले. पुढल्याच वर्षी वडिलांच्या निधनाने मोठी संपत्ती हाती आल्यावर तिने भूशिराच्या अरुंद कण्यावरची सुमारे सात हेक्टर खडकाळ जमीन घेतली. जागा अशी की एका बाजूला व्हिलफ्रान्शचा उपसागर आणि दुसऱ्या बाजूला बोलियूचा उपसागर एकाच वेळी दिसावा. १९०७ ते १९१२ या काळात सुरुंग लावून खडक सपाट करण्यात आला, माती वर वाहून आणण्यात आली आणि वास्तुशिल्पी एकामागून एक बदलण्यात आले. घरासमोरची मुख्य बाग तिने जहाजाच्या डेकप्रमाणे लांबट आखवून घेतली, घराला 'इल द फ्रान्स' हे जहाजाचे नाव दिले आणि बागेत राबणाऱ्या माळ्यांना लाल गोंड्याच्या खलाशी टोप्या घालायला लावल्या. एवढे करूनही ती तेथे फारशी राहिली नाही. १९३४ मध्ये निवर्तताना तिने घर, बागा आणि चिनी मातीच्या भांड्यांचा व चित्रांचा सारा संग्रह फ्रेंच कला अकादमीला देऊन टाकला. एका विभक्त स्त्रीने एकटीसाठी बांधलेली आणि मृत्युपत्राने सार्वजनिक झालेली ही वास्तू आज लग्नाच्या मेजवान्यांसाठी मागितली जाते. संग्रहालय असल्यामुळे दिवसा ती सर्वांसाठी खुली असते, आणि खासगी समारंभाला प्रेक्षक गेल्यानंतरची सायंकाळ मिळते. नीसमधील मासेना घराण्याच्या वाड्याचीही कथा अशीच आहे: तो संग्रहालय म्हणून वापरावा या अटीवर १९१९ मध्ये शहराला मिळाला. या किनाऱ्यावरील उत्तमोत्तम बागा आज पाहायला मिळतात त्या अशा दानांमुळे, आणि या दात्यांबद्दल कृतज्ञता वाटणे स्वाभाविक आहे.

हॉटेल नेग्रेस्कोचा इतिहास वेगळ्या प्रकारचा आहे. बुखारेस्टहून आलेल्या आंरी नेग्रेस्को याने १९१३ मध्ये प्रोमनादवर गुलाबी घुमटाचे हे हॉटेल उघडले, दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटल्याने ते जखमी सैनिकांचे रुग्णालय झाले, आणि कर्जबाजारी नेग्रेस्को १९२० मध्ये वारला. युद्धानंतर रशियन उमराव उरले नव्हते आणि क्षयावरच्या उपचारांनी डोंगराची वाट धरली होती. १९२० च्या दशकात अमेरिकन पाहुण्यांनी उन्हाळ्यात राहण्याची आणि ऊन अंगावर घेण्याची रीत रूढ केली; १९२३ मध्ये आंतीबचे ओतेल द्यू काप एका अमेरिकन दांपत्याच्या आग्रहाखातर उन्हाळ्यात उघडे ठेवण्यात आले, १९३० च्या दशकात इतर हॉटेलेही त्याच मार्गाने गेली, आणि १९३६ मध्ये फ्रान्सने कामगारांना भरपगारी रजा दिल्यावर किनारा सर्वसामान्यांनाही खुला झाला. अवघ्या पंधरा वर्षांत हंगाम उलटा झाला, पण वास्तू त्याच राहिल्या. दक्षिणेकडचे ऊन जास्तीत जास्त आत यावे म्हणून ठेवलेल्या काचेच्या पडव्या आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा मिमोझा यांची योजना हिवाळ्यासाठी होती. जुलै-ऑगस्टमध्ये अशा घरात मेजवानी करणाऱ्यांना उकाड्याचा त्रास होतो तो यामुळे. मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांना येथील व्यवस्थापक पसंती देतात त्यामागे हा वास्तुशास्त्राचा इतिहासही आहे.

या किनाऱ्यावरील विवाहस्थळाच्या कल्पनेला तिचे आजचे रूप देणारा प्रसंग २७ मे १९४९ रोजी घडला. त्या दिवशी अमेरिकन अभिनेत्री रीटा हेवर्थ आणि प्रिन्स अली खान यांचा विवाह झाला. अली खान हे तिसऱ्या आगाखानांचे पुत्र, आणि तिसरे आगाखान म्हणजे मुंबईतील खोजा इस्माइली समाजाचे धर्मगुरू व १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून पुण्यात आगाखान पॅलेस बांधणारे गृहस्थ. १९४२ पासून गांधीजी ज्या वाड्यात स्थानबद्ध होते आणि जेथे महादेवभाई व कस्तुरबांचा अंत झाला तोच हा वाडा. अली खान यांच्या मालकीचा शातो द लोरिझाँ हा पांढराशुभ्र आधुनिक बंगला कान आणि आंतीब यांच्या मध्ये, रेल्वेमार्ग व समुद्र यांच्यामधल्या खडकावर उभा आहे. तो १९३२ मध्ये बॅरी डिअर्क्स या अमेरिकन वास्तुशिल्प्याने मॅक्सीन एलियट या अभिनेत्रीसाठी बांधला होता. वधूवरांची इच्छा नगरपालिकेचा विधीही बंगल्यातच, गर्दीपासून दूर व्हावा अशी होती. परंतु ती मान्य झाली नाही, आणि जगातील सर्वाधिक छायाचित्रे काढल्या जाणाऱ्या स्त्रियांपैकी एक असलेल्या वधूला वालोरिस या कुंभारांच्या गावच्या नगरपालिकेत, तेथील कम्युनिस्ट नगराध्यक्षासमोर, उघड्या दारांच्या खोलीत उभे राहावे लागले. मेजवानी मात्र बंगल्याच्या बागेत झाली, पोहण्याच्या तलावात अत्तर ओतले गेले आणि पाण्यावर फुलांची आद्याक्षरे तरंगत ठेवली गेली. एकीकडे सर्वांना सारखा असलेला कायदेशीर विधी आणि दुसरीकडे ऐपतीप्रमाणे वाढवता येणारा सोहळा, ही विभागणी त्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांतून लोकांसमोर आली. तो संसार चार वर्षांत मोडला. परंतु बागेतील मेजवानीचा तो नमुना या किनाऱ्यावर कायम राहिला.

त्यानंतर १९५१ च्या डिसेंबरात ईव्ह मोंतां व सिमोन सिन्योरे यांनी डोंगरावरच्या सां-पोल-द-व्हांस या गावात लग्न केले आणि चित्रकारांनी भरलेल्या कोलोंब दोर या खानावळवजा हॉटेलात पाहुण्यांना जेवण दिले. एप्रिल १९५६ मध्ये मोनॅकोचा प्रिन्स तिसरा रेनिए आणि ग्रेस केली यांचा विवाह १८ तारखेला राजवाड्यातील सिंहासनाच्या दालनात दिवाणी पद्धतीने आणि १९ तारखेला कॅथीड्रलमध्ये धार्मिक पद्धतीने झाला, आणि तो दूरचित्रवाणीवरून युरोपभर पाहिला गेला. मोनॅकोच्या पर्यटनाला या प्रसंगाने नवसंजीवनी दिली. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या द्वितीय पत्नी सीतादेवी दुसऱ्या महायुद्धानंतर मॉन्टे कार्लो येथेच स्थायिक झाल्या होत्या. मराठी दरबारातील जडजवाहीर या किनाऱ्यावरील मेजवान्यांतून दिसू लागले ते त्यांच्यामुळे. त्यापूर्वी मुंबईहून आगबोटीने येणाऱ्या बहुतेक प्रवाशांचा या किनाऱ्याशी संबंध मार्से बंदरापुरताच येई, आणि मराठी वाचकाला ते बंदर ८ जुलै १९१० च्या सावरकरांच्या उडीमुळे परिचित आहे.

भारतीय विवाहांचा येथील राबता ही एकविसाव्या शतकातील घटना होय. मे २०२४ च्या अखेरीस अंबानी कुटुंबातील विवाहपूर्व सोहळ्याची जहाजयात्रा भूमध्य समुद्रातून जाताना कान येथील शातो द ला क्रुआ दे गार्द या वाड्यात मुखवट्यांचा नृत्यसमारंभ झाला, तेव्हा या स्थळांची चर्चा मराठी घराघरांत पोहोचली. अशा विवाहांच्या बाबतीत दोन देशांचे कायदे एकाच बागेकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. फ्रेंच कायद्यानुसार वधूवरांपैकी एकाचे किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणाचे त्या नगरपालिकेच्या हद्दीत वास्तव्य असावे लागते. वास्तव्याच्या आधारे लग्न करायचे तर ते किमान एक महिना सलग असावे लागते आणि त्यानंतर दहा दिवस विवाहाची जाहीर सूचना लावावी लागते. २०१६ पासून नगरपालिकेला कार्यालयाखेरीज आपली दुसरी एखादी इमारत या विधीसाठी वापरता येते, पण ती नगरपालिकेचीच असावी लागते. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्यांना हे जमणारे नसते, म्हणून त्यांचा बागेतील विधी फ्रेंच कायद्याच्या लेखी केवळ प्रतीकात्मक ठरतो. याउलट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम विधीलाच पाया मानते. सप्तपदीची रूढी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो असे ते सांगते. एकाला दप्तर प्रमाण, तर दुसऱ्याला अग्नी. बहुतेक कुटुंबे म्हणून भारतातच नोंदणी उरकून येतात किंवा परतल्यावर करतात, आणि ते शहाणपणाचे आहे.

अग्नीचा प्रश्न तर अक्षरशः ज्वलंत आहे. या किनाऱ्यामागच्या टेकड्यांवर पाइन आणि झुडपांची राने असून उन्हाळ्यात वणवे पेटतात, आणि वनालगतच्या पट्ट्यात उघडा अग्नी पेटवण्यावर प्रशासनाचे कडक निर्बंध असतात. विवाहहोम करायचा असेल तर वाड्याचे सौंदर्य पाहण्याआधी तो रानापासून किती अंतरावर आहे आणि तेथे होमाला परवानगी मिळेल काय, ही विचारणा करणे भाग पडते. समुद्रकाठी मंडप घालण्याची कल्पनाही अशीच नियमांनी वेढलेली आहे. १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनींतून पायी जाणाऱ्यांसाठी तीन मीटरची वाट राखून ठेवली, आणि काप फेराच्या सुप्रसिद्ध बंगल्यांच्या पायथ्याशी अशी किनारवाट आहे. ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने वाळवंटावर सर्वांना विनामूल्य प्रवेश दिला, आणि २००६ च्या नियमांनी नैसर्गिक किनाऱ्याचा ८० टक्के भाग परवानाधारक व्यावसायिकांपासून मोकळा ठेवला. या कायद्यांबद्दल फ्रेंच समाज किती जागरूक आहे हे जुलै २०१५ मध्ये दिसून आले. शातो द लोरिझाँ हा बंगला तोवर सौदी राजघराण्याकडे गेलेला होता. राजे सलमान यांच्या मुक्कामासाठी त्यालगतचा छोटा सार्वजनिक किनारा सुरक्षेच्या कारणाने बंद करण्यात आला, त्याविरुद्धच्या निवेदनावर एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या, आणि राजे नियोजित मुक्काम आवरता घेऊन निघून गेले. ज्या बंगल्याला १९४९ मध्ये विवाहाचा विधी दारांआड करू दिला गेला नाही, त्याच बंगल्याला ६६ वर्षांनी समुद्रही दारांआड घेता आला नाही.

याचा अर्थ या किनाऱ्यावर खासगी सोहळा होऊ शकत नाही असा नाही. तो दरवर्षी होतो, आणि फुलवाले, स्वयंपाकी, वादक, मंडप घालणारे व बागा राखणारे अशा कितीतरी माणसांचा चरितार्थ त्यावर चालतो. परंतु जाणकार कुटुंबे स्थळ निवडताना वाड्याच्या भाड्याआधी विधी कोठे व कोणत्या कायद्याने होणार, होमाला मुभा आहे की नाही, संग्रहालयाची वेळ केव्हा संपते आणि खाली दिसणारे वाळवंट कोणाचे आहे, हे चार प्रश्न विचारतात, आणि मराठी कुटुंबांनीही तसेच करावे. १९४९ च्या मे महिन्यातील त्या विवाहाची नोंद वालोरिसच्या नगरपालिकेच्या दप्तरात आहे. मुंबई-पुण्याहून येऊन नीसच्या बागांत थाटामाटाने साजऱ्या होणाऱ्या विवाहांची नोंद मात्र तेथील विवाहनोंदवहीत होत नाही.